डोळा सगळेच विचारतात, खुंटही विचारा : खाऱ्या पाण्यावरच्या बागा आणि रब्बी पेऱ्यासाठी सल्ला

दिवाळी आटोपली की काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांचे फोन यायला लागतात. अंबियाची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या बहाराची, तोड चाललेली असते, माणसं बगीच्यात फिरत असतात, त्यामुळे झाडाकडे नीट लक्ष जातं. "पानं टोकाकडून करपली, काय फवारू?" मी उलट दोनच गोष्टी विचारतो : बोअर किती फूट आणि खुंट कोणता, म्हणजे कलम कोणत्या झाडाच्या मुळांवर बांधलंय? फुटांचा आकडा तोंडपाठ असतो. खुंट म्हटलं की पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "नागपुरी संत्राच आहे जी."

फवारणीआधी पान बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचं ते जुनंच दुखणं आहे. पण जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळत असतील, पानं गळत असतील, तर संशय पाण्यातल्या क्लोराइडवर (मिठाचा एक भाग, दुसरा सोडियम) घ्या आणि पाणी तपासून खात्री करा. तिथे फेरस सल्फेट मारून काही साधत नाही.

संत्र्याच्या एका झाडात दोन झाडं असतात, वर डोळा, म्हणजे फळ देणारी जात, आणि खाली खुंट. मीठ आत घ्यायचं की दारातच थोपवायचं, हे बरंचसं खुंट ठरवतो. आपल्याकडे डोळा बहुतेक जंबेरीवर नाहीतर रंगपूर लिंबावर भरतात. जनुकांची तपासणी झाली तेव्हा दोघांचं कूळ एकच निघालं : संत्रावर्ग आणि महाळुंग यांचा संकर. भावंडंच म्हणा ना. तरी रंगपूर लिंबू क्लोराइड बऱ्यापैकी मुळांमध्येच अडवतं आणि जंबेरी ते पानांपर्यंत जाऊ देते. तिसरा एक खुंट आहे, तीन पानांचा ट्रायफोलिएट. तो सोडियम अडवतो, पण क्लोराइड वर सोडतो. तेव्हा "मीठ सहन करणारं झाड" असं कोणी म्हटलं, की विचारायचं, कोणतं मीठ?

जंबेरी वाईट असं मी म्हणत नाही. गोड्या पाण्यावर तिची वाढ जोमदार असते. पाणी खारं असेल तिथे मात्र पुढच्या पावसाळ्यातल्या लागवडीसाठी रंगपूरवरचीच कलमं सांगून ठेवा, आणि आत्ताच सांगा. जूनमध्ये गेलात तर जे उरलं असेल ते पदरात पडतं. आमच्या घरच्या बागेत हेच झालं. रंगपूरवरची म्हणून आणलेली कलमं, सहाव्या वर्षी खुंटावरून फुटलेल्या, छाटायच्या राहिलेल्या एका फांदीला फळ धरलं : पिवळं, खरबरीत सालीचं. जंबेरी! रंगपूरचं फळ नारिंगी, पातळ सालीचं आणि आंबटढाण असतं. तुमच्या जुन्या बागेचा खुंट ओळखायचा असेल, तर अशी एखादी फूट राखून बघा. बाकीच्या फुटी काढा.

नर्सरीत आणखी एक प्रश्न टाका : गादीवाफ्यातली वेगळी रोपं उपटता का? या दोन्ही खुंटांच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात. बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, म्हणून तर खुंट एकसारखा मिळतो. एखादं मात्र परागापासून आलेलं निघतं. ते बुटकं, नाहीतर फार उंच, नाहीतर वेगळ्या पानाचं दिसतं, आणि त्याच्यात मीठ अडवायचा गुण उतरला असेलच असं नाही. ते तिथेच उपटलं पाहिजे.

लावताना डोळ्याची जागा मातीच्या वर चांगली वीतभर राहू द्या. माती चढवताना ती गाडली गेली की वरच्या संत्र्यालाच मुळं फुटू शकतात, आणि चांगल्या खुंटासाठी मोजलेले पैसे वाया. शिवाय डिंक्याला, खोडातून डिंक गळायच्या रोगाला, आमंत्रण.

आता गहू. गव्हाला खुंट नसतो, पण खेळ मुळाचाच. मुळाच्या आत पाणी वर नेणारी नळी असते. तिच्या कडेच्या पेशी नळीतलं सोडियम परत ओढून घेतात आणि खालीच अडकवून ठेवतात. हे काम एचकेटी नावाच्या जनुकांच्या कुळाचं. सरबती गव्हात यातलं महत्त्वाचं जनुक डी नावाच्या गुणसूत्रसंचात, चौथ्या गुणसूत्रावर आहे. बन्सी आणि खपली या गव्हांत डी संचच नसतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या एका प्राचीन भाऊबंदातून असंच जनुक साध्या संकराने बन्सीच्या जातीत आणलं, आणि खाऱ्या जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. ते बियाणं आपल्या दुकानात मिळत नाही. आपल्यापुरता अर्थ एवढाच : बोअर खारं असेल तर बन्सी-खपलीचा हट्ट या हंगामात सोडा, सरबती पेरा. बियाणं नेहमीपेक्षा पावपट जास्त धरा, कारण खाऱ्या वावरात उगवण कमी होते.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या केआरएल-२१०, केआरएल-२१३ या जातींबद्दल हल्ली मोबाइलवर बरंच फिरतं. केआरएल मालिकेतल्या केआरएल १-४ च्या आईबापात राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या खाऱ्या रानातला खारचिया आहे, पिढ्यानपिढ्या मिठात टिकलेला. गुण खरा आहे. पण या जाती उत्तरेतल्या लांब थंडीला धरून काढलेल्या. आपली थंडी आखूड. आणायच्याच असतील तर दोन-चार ओळींत घालून बघा, एकरभर नको.

हरभऱ्याचं सरळ सांगतो : आपल्या रब्बी पिकांत मिठाला सर्वांत नाजूक तोच. रोप तग धरतं आणि शेतकरी फसतो, फटका बसतो फुलं-घाट्यांच्या वेळी. मुळावरच्या गाठीही कमी धरतात. कर्नाल चना-१ ही सहनशील जात आहे, पण पाणी खरंच खारं असेल तर हरभरा जमिनीतल्या ओलावर घ्या आणि बोअरचं पाणी देऊच नका. मौदा-रामटेकच्या धानवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, की धानातही रोपावस्था आणि फुलोरा हेच दोन नाजूक टप्पे. केरळच्या पोक्काली भातातला सॉल्टॉल हा पहिल्या गुणसूत्रावरचा प्रसिद्ध तुकडा मुख्यतः रोपाला सांभाळतो, फुलोऱ्यात त्याच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

जनुक असलं तरी मुळाला श्वास हवा, हे मात्र कोणी सांगत नाही. सोडियम अडवायला आणि बाहेर ढकलायला मुळाला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी हवा. काळ्या जमिनीत वाफे तुडुंब भरले, पाणी दोन दिवस साचलं, की चांगल्या जातीचंही दार उघडं पडतं आणि मीठ आत घुसतं. म्हणून महागडं बियाणं घेण्याआधी धुऱ्याकडचा चर मोकळा करा. गव्हाला हलकं, पण वेळेवर ओलीत द्या.

माती-पाणी तपासून घ्याच. पाण्यातलं उरलेलं सोडियम कार्बोनेट, अहवालात त्याला आरएससी म्हणतात, १.२५ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) पर्यंत असेल तर चिंता नाही. २.५ च्या वर गेलं तर ते पाणी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, करतं आणि जिप्समचा हिशेब करावा लागतो. मातीच्या क्षारतेचा आकडा वाचताना एक चूक सर्रास होते. पुस्तकात गव्हाची सहनमर्यादा ६ (डेसीसायमन प्रति मीटर), पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची ७.७, संत्रा-मोसंबी गटाची १.३ ते १.७ अशी दिलेली असते. ते आकडे संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्काचे असतात. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यामुळे आकडा बराच कमी दिसतो. अहवालात १ आलं म्हणून संत्रा निर्धास्त, असं नाही. आणि मर्यादेच्या वर प्रत्येक एका डेसीसायमनला गव्हाचं उत्पादन ७ टक्क्यांच्या आसपास घटतं, संत्र्याचं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पालाश द्यायचं असेल तर खाऱ्या पाण्याच्या बागेत म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातच क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं, तरी तेच घ्या.

डिसेंबरात अंबियाचा ताण बसेल, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडलं जाईल. जमीन सुकते तसा मुळाजवळचा क्षार घट्ट होत जातो, म्हणून अशा बागेला ताण जरा हलकाच द्या. ताण संपवताना पहिलं पाणी विहिरीचं किंवा कालव्याचं मिळालं तर तेच द्या, आणि भरपूर द्या, म्हणजे क्षार खाली उतरेल. ठिबक असेल आणि जानेवारीत अवकाळीचा शिडकावा झाला, तर मोटर बंद करू नका. थोड्या पावसाने ओलाव्याच्या कडेला साठलेलं मीठ मुळाकडे सरकतं, ठिबक चालू असेल तर ते बाहेरच राहतं.