रेडझेड-2 पूल बांधण्यापूर्वी ब्लॉकचा आकार ठरवा

गेल्या खेपेस झेडएफएस या फाइल सिस्टमचा पूल (अनेक डिस्क जोडून केलेला एकत्रित साठा) बांधताना मी जो गोंधळ घातला, तो पुन्हा होऊ नये म्हणून ही यादी लिहून ठेवत आहे. उदाहरण माझेच धरतो: 4 टीबीच्या सहा डिस्क, रेडझेड-2 (गटातल्या दोन डिस्क गेल्या तरी विदा वाचवणारी रचना) आणि त्यावर चालणारी व्हर्च्युअल मशीन्स.

डिस्क एकाच क्षमतेच्या असाव्यात, कारण गटात एक जरी 3 टीबीची निघाली तरी उरलेल्या पाचही 3 टीबीच्याच धरल्या जातात. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, डिस्क घेऊ नयेत. विक्रेता काहीही सांगो. खरेदीपूर्वी कागदावर हिशेब मांडावा. दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कवरची विदा परत उभी करणाऱ्या जादा माहितीला) जाऊन 16 टीबी उरतात, पण वेष्टनावरचा टीबी दशमान असल्याने ते प्रत्यक्षात सुमारे 14.5 टीआयबीच (1024 च्या पटीत मोजलेले टीबी) भरतात. ‘झेडपूल लिस्ट’ ही आज्ञा पॅरिटीसकट 21.8 दाखवते, तो आकडा वरिष्ठांच्या दृष्टीस पडू देऊ नये. ‘झेडएफएस लिस्ट’चा आकडा धरावा आणि त्यातलाही वीस टक्के भाग मोकळा ठेवावा. मात्र हा आकडासुद्धा 128 के (किलोबाइट) आकाराचे ब्लॉक, म्हणजे विदा साठवण्याचे तुकडे, गृहीत धरून काढलेला असतो, आणि मी नेमके तेच विसरलो होतो.

व्हर्च्युअल मशीनसाठी व्हॉल्यूम (तिची आभासी डिस्क) तयार करताना त्याचा व्हॉलब्लॉकसाइझ, म्हणजे ब्लॉकचा आकार, ठरवावा लागतो. मी तो ठरवला नाही, त्यामुळे त्या वेळच्या आवृत्तीतला आयता 8 के लागू झाला. आता सेक्टर (डिस्कवर लिहिण्याचा सर्वात लहान भाग) 4 के चा असेल तर 8 के म्हणजे विदेचे दोन सेक्टर; त्यावर पॅरिटीचे दोन, असे चार झाले. परंतु रेडझेड-2 जागा तीनच्या पटीतच देते, म्हणून चाराचे सहा होतात आणि 8 के साठी 24 के खर्ची पडतात. 16 के च्या ब्लॉकला विदेचे चार आणि पॅरिटीचे दोन, असे तेच सहा सेक्टर लागतात. म्हणजे दुप्पट माल तेवढ्याच जागेत! माझ्याकडे फारशी कॉम्प्रेस न होणारी 5 टीआयबी विदा लिहून झाली, तेव्हा वापर दहाच्या घरात गेलेला होता आणि मी दोन दिवस नसलेले स्नॅपशॉट (जुन्या विदेच्या जागा अडवणाऱ्या नोंदी) शोधत बसलो होतो. व्हॉलब्लॉकसाइझ नंतर बदलता येत नाही. नवा व्हॉल्यूम करून सगळी विदा हलवावी लागते. ओपनझेडएफएस 2.2 पासून मूळ मूल्य 16 के झाले आहे, तरीही ते स्वतः लिहावे. 8 के च हवे असेल तर मिररच्या (दोन्ही डिस्कांवर तीच विदा ठेवणाऱ्या) तीन जोड्या कराव्यात. तिथे निदान निम्मी जागा हाती लागते, इथे तिसरा हिस्साच.

अ‍ॅशिफ्ट 12 (म्हणजे 4 के चा सेक्टर) द्यावे; तेही मागाहून बदलत नाही. डिस्कांची नावे ‘बाय-आयडी’खालची (अनुक्रमांक असलेली) घ्यावीत आणि अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे प्रत्येक ट्रेवर मार्करने लिहावेत, म्हणजे रात्री घाईत धडधाकट डिस्क उपसली जाणार नाही. पुढे जागा कमी पडली म्हणून ‘झेडपूल अ‍ॅड’ने सुटी डिस्क जोडू नये. आज्ञा स्वतःच हरकत घेते, तेव्हा सक्तीचा पर्याय देऊन तिचे तोंड बंद करू नये, कारण ती डिस्क गेली की सगळा पूल जातो आणि रेडझेड असलेल्या पूलमधून ती परत काढताही येत नाही. आवृत्ती 2.3 पासून रेडझेड गटातच डिस्क वाढवता येते, पण जुनी विदा पुन्हा लिहीपर्यंत जुन्याच प्रमाणात राहते.

स्क्रब (सगळी विदा वाचून तपासणे) महिन्यातून एकदा. बॅकअप वेगळ्या यंत्रावर. रेडझेड म्हणजे बॅकअप नव्हे. इशाऱ्याची मेल खरोखर येते का, ते पाहावे. आणि पहिली मशीन हलवण्यापूर्वी ‘झेडएफएस गेट व्हॉलब्लॉकसाइझ’ चालवून 16 के हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.