महोत्सवातून आलेल्या समीक्षा कशा वाचायच्या

कान, व्हेनिस, बर्लिन, टोरांटो किंवा सनडान्सच्या चित्रपट महोत्सवात एखाद्या नव्या सिनेमाचा पहिला खेळ संपला की तासाभरात त्याला 'अजोड' आणि 'साफ फसलेला' अशी दोन्ही विशेषणं चिकटतात. तो सिनेमा बाकीच्यांना बघायला मिळेपर्यंत मात्र सहा महिने, कधी वर्षही जातं. तोवर हातात असतात फक्त समीक्षा. त्या नीट वाचल्या तर सिनेमाबद्दल बरंच नेमकं कळतं. त्यासाठी 'चांगला म्हणाले की वाईट' हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा लागतो.

तळाची नोंद आधी वाचा

'व्हरायटी'सारख्या व्यवसायपत्रात, म्हणजे सिनेमाच्या धंद्यातल्या माणसांसाठीच्या नियतकालिकात, समीक्षा संपल्यावर खाली एक छोटी नोंद असते: सिनेमा कोणत्या महोत्सवात, कोणत्या विभागात, किती तारखेला पाहिला आणि तो किती मिनिटांचा होता. बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. खरं तर सुरुवात तिथूनच करावी आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे विभाग. कानच्या मुख्य स्पर्धेत साधारण वीस-बावीस सिनेमे असतात आणि तिथल्या प्रत्येक सिनेमाला समीक्षक 'पाम दोर' या तिथल्या सर्वोच्च पारितोषिकाच्या मापानं मोजतात. त्यामुळे सरळ, नेटका सिनेमाही 'स्पर्धेच्या तोलाचा नाही' असा शेरा खातो. १९६२ पासून चालणारा 'क्रिटिक्स वीक' हा विभाग मात्र दिग्दर्शकाचे पहिले किंवा दुसरे सिनेमेच घेतो. तिथे समीक्षक पुढची शक्यता शोधत असतो, चुका पोटात घालतो. म्हणून मुख्य स्पर्धेतल्या सिनेमाबद्दलचं 'ठीक आहे' आणि नवोदितांच्या विभागातलं 'ठीक आहे' एकाच वजनाचं धरू नका. पहिलं बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा बरं असतं, दुसरं वाटतं त्यापेक्षा कमी.

दुसरी गोष्ट तारीख. सिनेमा पाहिल्याची तारीख आणि समीक्षा प्रसिद्ध झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे ते बघा. त्याच रात्री आलेला मजकूर दोन-तीन तासांत लिहिलेला असतो. त्यात कथानक, अभिनय, छायाचित्रण यांची नोंद सहसा चोख असते; कच्चा राहतो तो शेवटाचा अर्थ. गुंतागुंतीच्या किंवा जाणूनबुजून अर्धवट सोडलेल्या शेवटाबद्दल पहिल्या रात्रीचं मत फार मनावर घेऊ नये.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिनिटं. महोत्सवात दाखवलेली प्रत ही नेहमी शेवटची प्रत नसते. व्हिन्सेंट गॅलोचा 'द ब्राउन बनी' २००३ साली कानमध्ये दाखवला तेव्हा त्याची हुर्यो उडाली आणि अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला त्या महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं. नंतर गॅलोनं त्यातली सुमारे २६ मिनिटं कापली. २००४ मध्ये ही छोटी आवृत्ती पाहून ईबर्ट यांनीच तिला चारपैकी तीन तारे दिले. ईबर्ट दोन्ही वेळा प्रामाणिक होते, सिनेमा बदललेला होता. म्हणून प्रदर्शनाच्या वेळी कालावधी पुन्हा तपासा. तीन-चार मिनिटांचा फरक श्रेयनामावली किंवा मोजण्याच्या पद्धतीमुळे पडू शकतो. दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर 'रेंगाळतो', 'मधला भाग सैल आहे' अशी टीका शिळी झालेली असू शकते. तेवढ्यापुरती नवी समीक्षा शोधा.

टाळ्यांची मिनिटं आणि हुर्यो

'गाला' म्हणजे समारंभानं होणारा पहिला खेळ. त्याला सभागृहात दिग्दर्शक, नट, निर्माते आणि निमंत्रित बसलेले असतात. सिनेमा संपला की कॅमेरा कलाकारांच्या चेहऱ्यांवर जातो, तीच दृश्यं पडद्यावर दिसतात आणि प्रत्येक चेहऱ्यागणिक टाळ्या नव्यानं उसळतात. त्यामुळे 'आठ मिनिटं उभं राहून दाद' ही बातमी सौजन्याची आहे, समीक्षेची नव्हे. घड्याळ कधी सुरू करायचं, श्रेयनामावली सुरू होताना की दिवे लागल्यावर, याचाही काही नियम नाही. ती ओळ सरळ सोडून द्या.

पत्रकारांच्या खेळात वातावरण वेगळं असतं. तिथे सिनेमाची माणसं नसतात, त्यामुळे नापसंती मोकळेपणानं व्यक्त होते. पण हुर्यो कोणी केली, किती जणांनी केली, हे बातमीत क्वचितच येतं. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी यांच्या 'लाव्हेंतुरा'ची १९६० साली कानमध्ये पहिल्या खेळाला टर उडवली गेली. लगोलग अनेक चित्रकर्मी आणि समीक्षकांनी त्याच्या समर्थनार्थ सह्यांचं पत्रक काढलं आणि अखेर सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं. हुर्योवरून एवढंच ठरवता येतं की सिनेमानं कुठेतरी प्रेक्षकाची अपेक्षा मोडली आहे. ती कुठे मोडली, हे समीक्षेत शोधायचं.

इथे कानच्या वेळापत्रकातला एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१७ पर्यंत स्पर्धेतले बहुतेक सिनेमे पत्रकारांना संध्याकाळच्या गालाच्या आधी, अनेकदा सकाळीच दिसत. कलाकार रेड कार्पेटवर येईपर्यंत समीक्षा छापून आलेल्या असत. २०१८ पासून तो क्रम मोडला. आता गाला होईपर्यंत समीक्षा रोखलेल्या असतात आणि मग बऱ्याच एकदम बाहेर पडतात. वाचकाच्या दृष्टीनं हे उपयोगाचं आहे. एकाच घटकेला प्रसिद्ध झालेल्या समीक्षा एकमेकींकडे पाहून लिहिलेल्या नसतात. त्यांच्यात एखादा मुद्दा समान निघाला तर तो भक्कम धरावा.

पाच समीक्षा निवडा, वीस नकोत

वीस समीक्षा वाचल्यानं माहिती वाढत नाही, कथानक तेवढं फुटतं. पाच पुरतात, पण त्या एका साच्यातल्या नसाव्यात.

एक व्यवसायपत्रातली घ्या: 'व्हरायटी', 'हॉलिवूड रिपोर्टर' किंवा 'स्क्रीन इंटरनॅशनल'. ही समीक्षा मुळात वितरक आणि खरेदीदारांसाठी लिहिलेली असते. सिनेमा कुठे चालेल, कोणत्या वयाचा प्रेक्षक येईल, पुरस्कारांच्या शर्यतीत टिकेल का, हे त्यात येतं. 'बाजारपेठ मर्यादित' या शेऱ्यातून सिनेमाचा दर्जा कळत नाही. दुसरी मोठ्या दैनिकातल्या समीक्षकाची. तिसरी सिनेमा ज्या भाषेतला आहे त्या भाषेच्या जाणकाराची. ही शोधायला कष्ट पडतात, पण तिला पर्याय नाही. बाकीचे समीक्षक उपशीर्षकं वाचत असतात. त्यांना संवादातला कृत्रिमपणा, बोलीतली चूक, नटाचा परका उच्चार ऐकू येत नाही. परक्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला अभिनय त्या भाषेच्या माणसाला पोपटपंची वाटू शकतो, आणि उलटही घडतं. चौथी समीक्षा ठरवून सगळ्यात कडक घ्यायची. पाचवी दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्या महोत्सवातून किंवा मासिकातून आलेली; ती लिहिणाऱ्याकडे विचाराला वेळ होता.

विरुद्ध मतं शेजारी ठेवा

आता कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे वर्णन, उजवीकडे निवाडा. प्रत्येक समीक्षेतलं वाक्य फोडून दोन्हीकडे टाका. 'अडीच तास कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यापासून हलत नाही, त्यामुळे जीव गुदमरतो' या वाक्यातलं 'कॅमेरा चेहऱ्यापासून हलत नाही' डावीकडे जाईल, 'जीव गुदमरतो' उजवीकडे. दुसरा समीक्षक लिहितो, 'चेहऱ्याच्या इतक्या जवळ राहिल्यामुळे तिच्या मनातली प्रत्येक हालचाल आपल्यापर्यंत पोचते.' उजवीकडची मतं भांडतायत, डावीकडची नोंद मात्र तीच आहे.

जिथे स्तुती आणि टीका एकाच गोष्टीवर बोट ठेवतात, तो त्या सिनेमाचा खरा स्वभाव. तो तुम्हाला मानवेल का, हे ठरवायला मग समीक्षकाची गरज उरत नाही. चेहऱ्याजवळ अडीच तास बसायला आवडतं की नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. पाच समीक्षांत अशा तीन-चार जोड्या सहज मिळतात. एकही मिळाली नाही तर बहुधा सगळ्या समीक्षा विशेषणांवरच उभ्या आहेत. त्यातल्या दोन बदला.

विशेषणं वाचण्याची एक रीत आहे: त्यामागे एखादं दृश्य सांगितलंय का ते बघायचं. महोत्सवी लेखनात काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'चिंतनशील' म्हणजे बहुतेक वेळा लांब शॉट, कमी संवाद आणि संथ गती. 'महत्त्वाकांक्षी' एकटंच आलं आणि मागून 'यशस्वी' आलं नाही, तर सिनेमा आवाक्याबाहेर गेल्याची ती सूचना असते. 'असमान' लिहिणाऱ्याला काही प्रसंग मनापासून आवडलेले असतात. कोणते, हे सांगितलं नसेल तर शब्द वाया गेला. 'दिग्दर्शकाच्या चाहत्यांना आवडेल' हा सौम्य भाषेतला नकार आहे. आणि 'सर्वांनाच झेपेल असं नाही' या वाक्यापाशी थांबून पुढचं वाचा, कारण हिंसा, लैंगिकता की निव्वळ संथपणा, यांपैकी काय झेपणार नाही ते पुढच्याच परिच्छेदात असतं.

थकव्याचाही हिशेब धरा. दहा-बारा दिवस रोज तीन ते पाच सिनेमे पाहणारा समीक्षक नवव्या दिवशी वेगळा माणूस असतो. तेव्हा संथ, तीन तासांचा सिनेमा अन्यायाला बळी पडतो आणि एखादा हलकाफुलका, वेगवान सिनेमा लायकीपेक्षा जास्त कौतुक घेऊन जातो. महोत्सवाच्या उत्तरार्धातल्या 'ताज्या हवेची झुळूक' छापाच्या स्तुतीतून थोडं वजा करावं.

आकडे

'स्क्रीन इंटरनॅशनल' कानमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या समीक्षकांचा तक्ता छापतं. कमाल चार तारे, सर्वांत वाईटाला शून्य, आणि शेवटी सरासरी. सरासरी बघून थांबणं ही नेहमीची चूक. दहा जणांनी प्रत्येकी दोन तारे दिले तर सरासरी २.०, पाच जणांनी चार आणि पाच जणांनी शून्य दिलं तरी २.०. पहिला सिनेमा मिळमिळीत असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्यात नक्की काहीतरी आहे. म्हणून ओळ आडवी वाचा, टोकं किती लांब आहेत ते बघा.

समीक्षा एकत्र करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. ६० टक्क्यांपासून वर असेल तर सिनेमाला 'फ्रेश' हा शिक्का मिळतो. दहाही जणांनी पाचपैकी तीन दिले आणि ते अनुकूल धरले गेले, तर १०० टक्के. 'मेटाक्रिटिक' हे तसंच दुसरं संकेतस्थळ शंभरपैकी भारित सरासरी (काही समीक्षांना जास्त वजन देऊन) काढतं, तिथे हाच सिनेमा साठीच्या आसपास दिसेल. दोन्ही आकडे एकत्र वाचले तर चित्र उमटतं: टक्केवारी उंच आणि सरासरी मध्यम असेल तर सिनेमा फारसा कोणाला खटकलेला नाही, पण वेड लावलेलंही नाही.

शिवाय महोत्सवाच्या आठवड्यात समीक्षांची संख्याच अपुरी असते. बारा समीक्षांत एक प्रतिकूल आली की आकडा आठ टक्क्यांनी खाली येतो. दोनशे समीक्षा झाल्यावर एका समीक्षेनं अर्धाच टक्का हलतो. चाळीसच्या आत समीक्षा असतील तर टक्केवारीकडे बघूच नका.

पारितोषिकं कोणाची, ते वेगळं मोजा

कानची मुख्य ज्युरी साधारण नऊ जणांची असते आणि त्यात प्रामुख्यानं दिग्दर्शक, नट, लेखक असतात. समीक्षकांचा कौल आणि ज्युरीचा निकाल जुळेलच असं नाही. २०१६ मध्ये मारेन आडे यांच्या 'टोनी एर्डमान'ला स्क्रीनच्या तक्त्यावर ३.७ मिळाले, २०१८ मध्ये ली चांग-डोंग यांच्या 'बर्निंग'ला ३.८. दोन्ही वेळा मुख्य ज्युरीनं रिकाम्या हातांनी पाठवलं. 'फिप्रेसी' पारितोषिक मात्र दोघांना मिळालं, कारण ते समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं आहे आणि त्याची ज्युरी वेगळी असते. कधी दोन्हींचं एकमत होतं: २०२० मध्ये व्हेनिसला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला मुख्य ज्युरीनं पटकथेचं पारितोषिक दिलं आणि फिप्रेसीही मिळालं. टोरांटोचा 'पीपल्स चॉइस' तर थेट प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. पोस्टरवर पानांच्या डहाळ्यांचं चिन्ह दिसलं की आत लिहिलेलं नाव वाचा: ज्युरी, समीक्षक की प्रेक्षक. नुसतं 'अधिकृत निवड' असेल तर ते पारितोषिक नव्हे, सिनेमा तिथे दाखवला गेला एवढाच त्याचा अर्थ.

कथानक फुटू नये म्हणून

महोत्सवी समीक्षा कथा जास्त उघड करतात. व्यवसायपत्रांच्या वाचकाला खरेदीचा निर्णय घ्यायचा असतो, त्याला पूर्ण गोष्ट लागते. धोका मधल्या भागात असतो. पहिले दोन परिच्छेद वाचा, मग थेट शेवटच्या दोनांवर या. 'उत्तरार्धात', 'एका वळणावर', 'तेव्हा उघड होतं' अशा शब्दांनी परिच्छेद सुरू झाला तर तो ओलांडा. रकान्यांसाठी लागणारं वर्णन सहसा पहिल्या एक-तृतीयांश भागात आणि तंत्राबद्दलच्या परिच्छेदात मिळून जातं.

ओलांडलेले परिच्छेद आणि ती सगळ्यात कडक समीक्षा जपून ठेवा. सिनेमा पाहिल्यावर त्याच रात्री ती पूर्ण वाचा आणि डावीकडच्या रकान्यातलं काय पडद्यावर खरोखर दिसलं, यावर खुणा करा. पाच-सहा सिनेमे असे झाले की कोणत्या समीक्षकाची नोंद पक्की असते आणि कोणाचा फक्त आवाज मोठा आहे, ती नावं तुमच्याकडे तयार असतील.