ग्वाल्हेरात बंदुकीचा परवाना: दिल्लीचा कायदा, भोपाळचा गृह विभाग आणि कलेक्टरांचा आदेश

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत आणि मुरार-थाटीपूर भागांतल्या घरांत आजही कपाटात एखादी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, किंवा ३१५ बोअरची रायफल असते. परवाना वेळच्या वेळी रिन्यू होतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण परवान्यावरून बंदूक कोणाकडे आणि कुठल्या हद्दीत राहील एवढंच ठरतं. ती कधी जमा करायची, वरातीच्या रस्त्यावर नेता येते का, हे ठरवणारे कागद वेगळे असतात आणि काही तर दोन-दोन महिन्यांनी बदलतात. इथले बहुतेक गुन्हे बेकायदा कट्ट्यांचे (गावठी पिस्तुलांचे) असले, तरी भल्या घरातली माणसं अडकतात ती हे कागद न वाचल्यामुळे.

आधी कोणाचं काय ते पाहू. शस्त्र आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या संघ सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणून बंदुकीचा मूळ कायदा केंद्राचा: शस्त्र अधिनियम १९५९, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि कायद्यातली मोठी दुरुस्ती डिसेंबर २०१९ ची. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय मात्र राज्य सूचीत येतात. त्यामुळे परवान्यासाठी पात्र कोण, हत्यारं किती आणि कोणत्या बोअरची, शिक्षा काय, हे सगळं दिल्ली ठरवते; कायदा राबवायचं काम राज्याकडे आणि जिल्ह्याकडे येतं. ३०३, ९ एमएम, ३८ बोअर अशी प्रतिबंधित हत्यारं फक्त केंद्राच्या अखत्यारीत असतात, त्यासाठी कलेक्टर कचेरीत चकरा मारणं व्यर्थ. बारा बोअर आणि ३१५ ची प्रकरणं जिल्ह्यातच निघतात. मध्यप्रदेशात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची फाइल भोपाळला गृह विभागाकडे जाते, म्हणून तिला वेळ जास्त लागतो. महापालिकेचा परवान्याशी काही संबंध नाही.

जिल्ह्यात कलेक्टर एकाच खुर्चीवरून दोन वेगळी कामं करतात. इंदूर आणि भोपाळमध्ये २०२१ साली पोलीस आयुक्तालय आलं, ग्वाल्हेरात तशी व्यवस्था नाही; इथे दोन्ही अधिकार कलेक्टरांकडेच आहेत. कलेक्टर शस्त्र अधिनियमाखाली परवाना देतात, निलंबित करतात, रद्द करतात. आणि जिल्हा दंडाधिकारी म्हणून ते सगळ्या जिल्ह्यासाठी किंवा एखाद्या भागासाठी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ज्याला सगळे ‘एकशे चव्वेचाळीस’ म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिने चालतो. राज्य सरकारला तो पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. आदेश लागू असताना ‘माझ्याकडे परवाना आहे’ हे उत्तर पुरत नाही, कारण आदेश परवानाधारकांसाठीच काढलेला असतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं आणि परवाना धोक्यात येतो तो वेगळाच.

आता परवाना आणि बंदूक दोन्ही टेबलावर घ्या. बंदूक आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करा. दुनालीत दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघा; रायफलची मॅगझिन काढली तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं, म्हणून बोल्ट मागे ओढून आत बोट घालून बघा. मग हत्याराचा नंबर शोधा. रायफलचा नंबर साधारण नळी जिथे बॉडीला बसते तिथे असतो. जुन्या दुनालीत तो ट्रिगर गार्डच्या पट्टीवर असतो, किंवा पुढची लाकडी मूठ काढल्यावर नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर दिसतो. तो परवान्यावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तिकांतून नोंदी संगणकावर चढवताना ३ चा ८ झालेला, इंग्रजी ओचा शून्य झालेला बऱ्याच परवान्यांवर आढळतो. घरी सापडली, तर ही चूक कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेत अर्ज देऊन दुरुस्त होते. नाक्यावर सापडली, तर हातातली बंदूक परवान्यावरची नाही असाच तिचा अर्थ निघतो.

नंबरानंतर यूआयएन बघा, म्हणजे राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमधला तुमचा क्रमांक. तो नसलेला परवाना आता ग्राह्य धरत नाहीत. मग मुदत: २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, आणि दर पाच वर्षांनी हत्यार व कागद परवाना अधिकाऱ्यापुढे हजर करणं बंधनकारक झालं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी द्यावा. काडतुसांचे दोन रकाने वेगवेगळे वाचा, एका वेळी जवळ किती आणि वर्षभरात खरेदी किती. शेवटी क्षेत्राचा रकाना, जो इथे कोणी वाचत नाही आणि जो इथेच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ग्वाल्हेरहून धौलपूर राजस्थानात, झाशी आणि आग्रा उत्तर प्रदेशात. दोन तासांत तुम्ही दुसऱ्या राज्यात असता. परवाना मध्यप्रदेशापुरता असेल तर दतियापुढे झाशीची हद्द लागली की तुमची बंदूक विनापरवाना झाली. विनापरवाना बंदुकीला आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे.

वडील किंवा आजोबा गेल्यावर

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार त्याच्याबरोबर संपतो. मुलगा किंवा सून ती ‘सांभाळून’ ठेवते, आणि तेरावा, वर्षश्राद्ध करता करता दोन वर्षं जातात. इथे अशी कितीतरी प्रकरणं होतात आणि ती टाळता येण्यासारखी असतात. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की विनाविलंब हत्यार जवळच्या थान्यात (पोलीस ठाण्यात) किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दहा-बारा दिवसांत, दिवस होताच हे उरका. आधी शस्त्र शाखेला आणि थान्याला लेखी कळवा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा, मग बंदूक आणि उरलेली सगळी काडतुसं मोजून द्या. पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर, काडतुसांची संख्या आणि हत्याराची अवस्था, चारही गोष्टी आल्याशिवाय थान्यातून उठू नका. जमा करून विसरूनही चालत नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना घेतला नाही किंवा विक्री केली नाही तर हत्यार सरकारजमा होऊ शकतं.

वारसाच्या नावे परवाना २०१६ च्या नियमांतल्या नियम २५ प्रमाणे मिळतो. त्यासाठी धारकाच्या मृत्यूची वाट बघायची गरज नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. धारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्यांच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते हयातीतच वारस सुचवू शकतात. आजोबा ऐंशीचे असतील तर हे काम याच वर्षी करा. सही करणारा माणूस समोर असताना बाकीच्या भावंडांची ना-हरकत गोळा करणं सोपं जातं. माणूस गेल्यावर वाड्याच्या वाटणीत बंदूकही ओढली जाते. वारसालाही पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला आणि एकवीस वर्षांची अट लागू आहेच. आणि एका माणसाच्या नावावर हत्यारं दोनच. पूर्वी तीन चालत. २०१९ नंतर वारशानेही तिसरं ठेवता येत नाही.

वाड्यात भिंतीवर टांगलेल्या तोड्याच्या, म्हणजे वातीने बार उडवायच्या जुन्या बंदुकांबद्दल नेहमी विचारलं जातं. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालण्यासारखं नसावं. ‘चाप गंजलाय, चालत नाही’ एवढ्यावर सूट मिळत नाही, कारण चाप बदलता येतो. नळी फुटलेली किंवा आत बुजलेली असेल तर बाजू भक्कम. शंका असेल तर शस्त्र शाखेला लेखी विचारा आणि उत्तर बंदुकीच्या मागे भिंतीवर चिकटवून ठेवा. रियासतीच्या काळातला शिक्का असलेला कागद सुंदर असेल, जपून ठेवा, पण तो आजचा परवाना नाही.

नवा परवाना

अर्ज ए-१ नमुन्यात, राष्ट्रीय पोर्टलवरून. फोटो, ओळख आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. पोलीस अहवालाला तीस दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला साठ दिवस, असं नियम सांगतात. फाइल बहुधा अडते ती थान्यात, कारण राहण्याचा पत्ता आधारवर एक आणि वीजबिलावर दुसरा असतो. कारणाच्या रकान्यात ‘आत्मसंरक्षण’ एवढंच लिहू नका. धोका कशाचा, रोकड कुठून कुठे नेता, शेत वस्तीपासून किती लांब, हे लिहा आणि पुरावा जोडा.

मधूनमधून जिल्ह्यातून कायद्यात नसलेल्या अटी येतात. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदारांना दहा झाडं लावायला आणि त्यांच्याबरोबरचा फोटो द्यायला सांगितलं होतं. शिवपुरीत २००८ मध्ये परवाना नसबंदीशी जोडला होता. झाडं जरूर लावावीत. पण नकार देण्याची कारणं शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये बांधून दिलेली आहेत आणि पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. नकार आला तर त्याची कारणं लेखी मागा. अधिकाऱ्याला ती नोंदवावी लागतात. अपील तीस दिवसांत, कलेक्टरांच्या आदेशावर संभागीय (विभागीय) आयुक्तांकडे. तीस दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजायचे, म्हणून पाकिटावरची तारीख जपा.

निवडणुकीत जमा करणं

आचारसंहिता लागली की जिल्ह्यात हत्यारं जमा करण्याचा आदेश निघतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कोणाची हत्यारं जमा करायची ते बघते. बँकेचे रक्षक आणि स्पर्धेत उतरणारे नेमबाज यांना सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. अर्ज लेखी द्या, नेमणुकीचं पत्र किंवा स्पर्धेचं वेळापत्रक जोडा आणि पोच घ्या. तोंडी ‘टीआय साहेबांनी (थान्याच्या प्रमुख निरीक्षकांनी) सांगितलंय’ हे चेकिंगच्या वेळी कामी येत नाही.

जमा करण्याआधी बंदुकीची तयारी करा, कारण थान्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त-जमा वस्तूंच्या खोलीत, ती दीड-दोन महिने राहते आणि तिथे कोणी तिला तेल लावणार नाही. नळीतून आधी कोरडं फडकं फिरवा, मग पातळ तेलाचं. बाहेरून लोखंडावर तेलाचा हात. लाकडाला तेल जास्त लागलं तर ते फुगतं, म्हणून ते पुसून घ्या. ओल्या कातडी खोळीत कधीच देऊ नका, गंज तिथूनच धरतो. सुती कापडात गुंडाळा. नंबर दिसेल असा फोटो आणि दस्त्यावर आधीपासून असलेल्या चिरेचा फोटो काढून ठेवा. थान्यात गर्दी असते, शेवटच्या दिवशी तर रांग रस्त्यापर्यंत येते. आदेश निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेलं तर हवालदार पावती नीट लिहितो. विक्रेत्याकडे जमा केली तर भाडं पडतं, पण बंदूक बरी राहते. त्या पावतीची प्रत थान्यात द्यायला विसरू नका. निकालानंतर परत देण्याचा आदेश निघतो, त्याआधी थाना देणार नाही. घेताना तिथेच नळी उघडून बघा.

लग्न, दसरा आणि रस्ता

हवेत गोळी झाडण्याला इथे ‘हर्ष फायर’ म्हणतात. त्यात जाणारा जीव बहुतेक वेळा छतावर वरात बघणाऱ्या बाईचा किंवा पोराचा असतो, हे या भागात वेगळं सांगायला नको. २०१९ पासून शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ च्या नवव्या पोटकलमात याला स्वतंत्र गुन्हा केलं आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला तरी हा गुन्हा लागतोच, आणि जखमी किंवा मृत्यू झाला तर इतर कलमं वेगळी. लग्न तुमच्या घरचं असेल तर आमंत्रण देतानाच पाहुण्यांना सांगा की बंदूक आणू नये. मंडपात सांगितलं की मानापमान होतो, फोनवर सांगितलं की ऐकतात.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा घरात, देवघरापुढे, रिकामी करून आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात कुलपाखाली ठेवून करावी. पूजेनंतर नळीवरचं हळद-कुंकू त्याच दिवशी पुसा, ओलं कुंकू लोखंडाला खातं. तलवारी मिरवणुकीत नेण्याआधी त्या दिवशीचा आदेश वाचा. मध्यप्रदेशात सहा इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर जुनी अधिसूचना आहेच, तिच्यावर त्या काळातला जिल्ह्याचा आदेश आणखी बसतो.

बंदूक रस्त्यावरून नेताना पूर्ण झाकलेली, काडतुसं वेगळी, परवाना मूळ आणि खिशात. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि परवाना त्याच्या नावावर असेल, तर राहण्याचं ठिकाण बदलल्यापासून तीस दिवसांत नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवायचं. पुण्याला आयुक्तालय आहे, म्हणजे शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे. बंदूक मागे ग्वाल्हेरच्या वाड्यात आईजवळ ठेवली, तर ती आईच्या ताब्यात बेकायदा आहे. त्यापेक्षा निघण्याआधी विक्रेत्याकडे जमा करून पावती सोबत न्यावी.