जुनी टूरिंग बाईक देण्याआधी टेप आणि मल्टिमीटर काढा

जुन्या टूरिंग गाडीवरून नव्या मॉडेलवर जायचं ठरलं की चर्चा इंजिनाची होते: किती सीसी, किती पॉवर, किती गिअर. पहिल्या लांब प्रवासात मात्र माणूस वैतागतो तो मनगटं बधिर झाल्यामुळे, हेल्मेटवर वारा आपटत राहिल्यामुळे, नाहीतर जुन्या पॅनियरची (बाजूच्या सामानपेट्यांची) फ्रेम नव्या सायलेन्सरला घासायला लागल्यामुळे. जुनी गाडी हळूहळू अंगाला बसलेली असते. हँडल थोडं मागे घेतलेलं, क्लच लिव्हर बोटाला जमेल असा फिरवलेला, मागचा स्प्रिंग सामानाच्या हिशोबाने आवळलेला. हे मोजून न ठेवता गाडी विकली तर नव्या गाडीवर सगळं पुन्हा अंदाजाने करावं लागतं. म्हणून आधी जुनी मोजा, मग नवी बघा, आणि शक्य असेल तर नवी हजार किलोमीटर धावेपर्यंत जुनी हातची सोडू नका.

नाव तेच आहे म्हणून गाडीही तीच, असं धरून चालू नका. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ हवेवर थंड होणारं इंजिन आणि पाच गिअरवाली होती. हिमालयन ४५० मध्ये ४५२ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन, सहा गिअर आणि राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक) थ्रॉटल आहे. २०१८ च्या होंडा गोल्ड विंगने तर पुढचे टेलिस्कोपिक फोर्क सोडून डबल विशबोन (दोन आडव्या हातांवरचं सस्पेन्शन) घेतलं. अशा बदलात जुन्या ॲक्सेसरीपैकी फारच थोड्या वस्तू जशाच्या तशा बसतात.

मापं घ्यायची ती अशी

गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करा आणि पाच मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा: सीटच्या सर्वांत खोल बिंदूपासून फुटरेस्टच्या मध्यापर्यंत, त्याच बिंदूपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत, ग्रिपपासून जमिनीपर्यंत, हँडलची टोकापासून टोकापर्यंत रुंदी, आणि सीटपासून विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत. शिवाय लिव्हरचा कोन दिसेल असा बाजूने एक फोटो काढा.

सीटची उंची हा आकडा फसवा आहे. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात, आणि उंची २० मिमीने कमी असूनही पाय जमिनीला कमी टेकतात. उलट, लांब ट्रॅव्हलची (सस्पेन्शन जास्त दबू शकणारी) गाडी वजन पडताच बरीच खाली बसते. त्यामुळे आकडा वाचून घाबरू नका. रायडिंगचे बूट घालून बसून बघा.

गुडघेदुखीचं मूळ पहिल्या मापात असतं. सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर २० ते ३० मिमीने जरी कमी झालं तरी उंच माणसाला दोन तासांनंतर ते जाणवतंच. त्यावर उंच सीट किंवा खाली येणारे फुटरेस्ट हा उपाय. हँडल उंच करून गुडघा सुटत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पैसे बहुतेक वेळा तिथेच खर्च होतात.

हँडल उंच करणारे रायझर घ्यायचेच असतील तर आधी बारचा व्यास बघा. जुन्या गाड्यांवर साधारण २२ मिमीचा सरळ बार असतो. नव्या ॲडव्हेंचर-टूररवर क्लॅम्पजवळ २८.६ मिमीचा जाड आणि ग्रिपकडे २२ मिमीपर्यंत निमुळता होणारा बार दिसतो. जुने रायझर, मोबाईल माउंट आणि आरशाचे क्लॅम्प त्यावर बसत नाहीत. रायझर लावल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आरपीएम आपोआप चढले तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. राइड-बाय-वायर गाडीत केबल नसते, पण ब्रेकची होज आणि स्विचची वायरिंग असतेच. तीही कुठे ताणत नाही ना, हे हाताने चाचपा.

टेस्ट राइड

दहा मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. किमान तासभर, स्वतःच्या हेल्मेट-जॅकेटमध्ये, आणि तुम्ही जोडीने फिरत असाल तर मागे माणूस बसवूनच घ्या. मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात तळहात विंडस्क्रीनच्या वर हळूहळू उचला. गडबडणारा वारा संपून सलग प्रवाह कुठे लागतो ते कळेल. ती रेषा हेल्मेटच्या वरच्या भागावर येत असेल तर डोकं हलत राहणार. अशा वेळी उंच काच लावण्यापेक्षा कधी कधी आखूड काचच बरी पडते.

इंजिन बंद करून गाडी थोड्याशा उतारावरून मागे ढकलून बघा, आणि पूर्ण हँडल वळवून यू-टर्न घ्या. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हलकी वाटणारी गाडी खडीच्या पार्किंगमध्ये वेगळीच असते.

वजनाचा हिशोब

ड्राय वेट (पेट्रोल-ऑइलशिवायचं वजन) आणि कर्ब वेट (टाकी भरून चालायला तयार गाडीचं वजन) यांची सरमिसळ करू नका. पेट्रोलचं वजन लिटरला सुमारे ०.७४ किलो असतं, म्हणजे २० लिटरची भरलेली टाकी जवळपास १५ किलो. गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून कर्ब वेट वजा केलं की उरतं ते तुमचं.

समजा कमाल ३८० किलो आणि कर्ब वेट २०० किलो. हाती उरले १८०. कपड्यांसह चालक ८५, मागचा ७०, पॅनियर आणि फ्रेम १५. सामानाला राहिले १० किलो. हा हिशोब केला की बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. नवी गाडी ताकदीने मोठी असली म्हणजे जास्त वजन उचलेलच असं नाही.

टॉप बॉक्सच्या रॅकवर वजनाची वेगळी मर्यादा लिहिलेली असते आणि ती अनेकदा ५ ते १० किलोच असते, बॉक्स धरून. मागच्या ॲक्सलच्या मागे आणि उंचावर टाकलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. वेग वाढला की हँडल डुलायला लागतं. जड वस्तू पॅनियरच्या तळाशी, पुढच्या बाजूला. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि उशी.

जुने पॅनियर ठेवायचे असतील तर फ्रेमच्या पाइपचा व्यास मोजा. १६ आणि १८ मिमी दोन्ही प्रकार चालतात, आणि एकाचे हूक दुसऱ्यावर खुळखुळतात. फ्रेम मात्र मॉडेलची नवीच घ्यावी लागते. सब-फ्रेमचे (सीटखालच्या मागच्या सांगाड्याचे) बोल्ट आणि सायलेन्सरची जागा बदलली की जुनी फ्रेम वेल्डिंगने बसवण्याचा मोह होतो. कंपनाने ते वेल्डिंग तडकतं, तेही घरापासून लांब असतानाच.

वायरिंग: इथे घाई नडते

जुन्या गाडीत हेडलाइटच्या वायरला टोचा मारून फॉग लाइट लावला तरी चालून जात असे. नव्या गाडीत बॉडी कंट्रोल युनिट (दिवे-स्विच सांभाळणारा छोटा संगणक) प्रत्येक सर्किटवर नजर ठेवतं. जास्तीचा करंट ओढला गेला की ते एरर दाखवतं किंवा ते सर्किटच बंद करतं. म्हणून मूळ वायरिंगला हात न लावता स्वतंत्र लाइन टाका.

आधी बेरीज करा. तापणारे ग्रिप ३६ वॅट, दोन जादा दिवे ४० वॅट, चार्जर १८ वॅट; एकूण ९४ वॅट. १२ व्होल्टने भागलं की सुमारे ८ अँपिअर. यासाठी १० अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिमी तांब्याची वायर पुरते. फ्यूज बॅटरीपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत हवा; दूर लावला तर त्याच्या आधीच्या वायरच्या तुकड्याला संरक्षणच राहत नाही.

रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) चार पिना अशा जोडा: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली लाइन, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ अर्थ, आणि ८६ ला ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारी वायर. ट्रिगर घ्यायचा तो कंपनीने ठेवलेल्या ॲक्सेसरी कनेक्टरवरून, म्हणजे चावी बंद झाली की सगळं बंद. चार्जर थेट बॅटरीवर जोडला आणि तो नुसता बसल्या जागी ५० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. आठ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत अर्धी होते, आणि सेल्फ घेत नाही. नव्या गाडीला किक नसते, हे तेव्हा आठवतं.

काम झाल्यावर मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन ४००० आरपीएमला सगळे दिवे लावून १३.५ च्या वर दिसायला हवेत. आयडलवर अल्टरनेटर कमी वीज देतो आणि नेमका तेव्हाच रेडिएटरचा पंखा फिरत असतो, म्हणून गर्दीत ग्रिपची हीटर बंद ठेवा. बंद गाडीत करंट गळतो का हे तपासायचं असेल तर चावी बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि वायर व बॅटरीच्या मध्ये मीटर करंट मोजायला जोडा. गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिट पूर्ण बंद व्हायला काही मिनिटं घेतात, तेवढं थांबा. नंतर काही मिलिअँपिअर दिसणं ठीक. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका; मीटरचा फ्यूज उडतो.

मागचा स्प्रिंग

गाडी मिळाल्याबरोबर सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते, मोजा. दोन माणसं लागतात.

१. मागचं चाक जमिनीवरून उचला. ॲक्सलपासून बरोबर वर, टेलवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या.
२. गाडी चाकांवर घ्या, पूर्ण कपड्यांनिशी बसा, दोन-तीनदा सस्पेन्शन दाबून सोडा आणि तेच अंतर पुन्हा घ्या.
३. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या सुमारे ३० टक्के हवा. २०० मिमी ट्रॅव्हल असेल तर ६० मिमीच्या आसपास.

जास्त असेल तर प्रीलोड वाढवा, म्हणजे स्प्रिंग आधीच जास्त आवळा. सामान आणि मागचा माणूस घेऊन हाच प्रयोग पुन्हा करा आणि त्या वेळचे क्लिक किंवा फेरे टाकीखाली चिकटवलेल्या कागदावर लिहा. प्रीलोड पूर्ण आवळूनही सॅग आटोक्यात येत नसेल तर स्प्रिंग मऊ आहे. तो बदलावा लागतो. मागे बसकण मारलेली गाडी वळायला आळशी होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उंची कमी करणारी लिंक लावलीत तर साइड स्टँडही तेवढा आखूड करून घ्या, नाहीतर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने आडवी होते.

टायर आणि पंक्चरचं सामान

जुनी गाडी ट्यूबवाली आणि नवी ट्यूबलेस असेल तर ट्यूब आणि पॅच घरी ठेवा, प्लग किट आणि छोटा पंप घ्या. उलट असेल तर प्लग किट निरुपयोगी. स्पोकची रिंग बघून अंदाज बांधू नका. स्पोक असूनही ट्यूबलेस रिंगा येतात. टायरवर ट्यूबलेस छापलेलं असलं तरी आत ट्यूब असू शकते, रिंगवर काय लिहिलंय ते वाचा.

१४०/८० आर१७ ६९एच यातला ६९ म्हणजे त्या टायरची क्षमता ३२५ किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमी. बदलताना हा आकडा खाली आणू नका. डिलिव्हरीच्या वेळी बाजूवरचे चार आकडेही बघा: ३५२४ म्हणजे २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. दोन्ही ॲक्सलना कोणता पाना लागतो हे घरीच लावून बघा. सोबत आलेल्या टूलकिटमध्ये तो असेलच असं नाही.

पहिले हजार किलोमीटर

नवे टायर पहिले दीडशे किलोमीटर निसरडे असतात. इंजिनाला एकाच आरपीएमवर तासन्तास चालवू नका, आणि वरच्या गिअरमध्ये गुदमरवूही नका. चढ-उतार, वेग कमी-जास्त असा रस्ता उत्तम. पहिलं ऑइल मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर बदलाच, त्यात रिंग आणि गिअर बसताना निघालेली धातूची बारीक पूड असते. ओल्या क्लचला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच ऑइल. कारचं घातलं तर क्लच घसरतो. नवी चेन सुरुवातीला लवकर सैल होते, ३०० किलोमीटरवर एकदा मोजा.

सवयी बदलायला मात्र जास्त वेळ लागतो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) १९८८ मध्ये बीएमडब्ल्यू के१०० वर आलं, तरी कितीतरी जुन्या टूरिंग गाड्यांवर ते नव्हतंच, आणि त्यांच्या चालकांना ब्रेक दाबून-सोडून मारायची सवय असते. एबीएसवर ती मोडा: दोन्ही ब्रेक जोरात दाबा, लिव्हर थरथरला तरी सोडू नका. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला दहा वेळा करा, मग ६० ला. गाडी कललेली असतानाही काम करणारं वळणातलं एबीएस ही वेगळी गोष्ट. केटीएमने ते २०१३ मध्ये ११९० ॲडव्हेंचरवर आणलं, आणि ते सगळ्या नव्या गाड्यांवर नसतं.

स्लिपर क्लच (गिअर खाली टाकताना थोडा घसरणारा) असेल तर गिअर खाली टाकताना इंजिनाचा ब्रेक जुन्या गाडीइतका लागत नाही, घाटात हे आधीच माहीत हवं. पेट्रोलचा कॉक फिरवून रिझर्व्हला जायची सोय फ्यूल इंजेक्शनमध्ये नाही. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे थेंबापर्यंत चालवणं त्याला मारक. टाकीचे लिटर गुणिले ॲव्हरेज, त्याचे ८० टक्के एवढाच पल्ला धरा.

जुनी देताना

मूळ सीट, आरसे, हँडल परत चढवा. ॲक्सेसरीसकट विकल्याने किंमत फारशी वाढत नाही. जीपीएस ट्रॅकर काढा किंवा त्याचं सिम बंद करा, डिस्प्लेतून तुमच्या फोनची जोडणी पुसा. नाव बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत विमा रद्द करू नका. आणि मापांचा तो कागद गाडीच्या पुस्तिकेत घालून नव्या मालकाला देऊन बसू नका, आधी त्याचा फोटो काढा.