बियाणे कंपनीत एचआर सांभाळायचं तर आधी हंगाम शिका

जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात एचआरमध्ये वर जायचं असेल, तर सगळ्यात आधी पीक-वेळापत्रक पाठ करा. खरिपाचं बियाणं पेरणीआधी दुकानात पोचावं लागतं, म्हणून प्रक्रिया केंद्रावर हंगामी माणसं उन्हाळ्यात लागतात. भरती दोन महिने आधीच सुरू करा. विक्रीच्या लोकांची मूल्यमापनं मे-जूनमध्ये लावू नका.

मग संकरित कापसाच्या प्लॉटवर दोन दिवस काढा. दुपारनंतर, उद्या उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर बायका नखाने अलगद सोलून काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर नर वाणाच्या फुलाचे पराग घासतात. पुंकेसर राहून गेले की स्वपरागीकरण होतं, लॉटची शुद्धता जाते. हे काम बघितल्याशिवाय फील्ड असिस्टंटचा पगार ठरवूच नये.

याच नाजूक कामाला लहान मुलं जुंपली जातात, हे या धंद्याचं जुनं दुखणं. १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवणं गुन्हा आहे. उत्पादक शेतकऱ्याच्या करारात अट घालाच, पण शाळेच्या वेळेत न कळवता प्लॉटवर जाऊन बघाही.

बीजप्रक्रियेच्या, म्हणजे बियाण्याला औषध लावतात त्या खोलीत हातमोजे, मास्क, साबण हवा. जेवणाची जागा लांब.

हंगामी कामगाराचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, दरवर्षी नवा काढू नका, जुना विचारून घ्या. नाव आणि जन्मतारीख आधारशी रुजू होतानाच ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकानेही पीएफ अडकतो.