जुनी परीक्षा की नवी: फी भरण्याआधीची तयारी

आयटीच्या सर्टिफिकेटची जुनी परीक्षा द्यायची की नवी, यावर कोणाचंही मत विचारण्याआधी परीक्षेचा नंबर मिळवा. कोर्सचं नाव नको, नंबर. 'एमसीएसई' हे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सर्टिफिकेटचं नाव क्लासच्या पाट्यांवर आणि नोकरीच्या जाहिरातींत अजून दिसतं, पण मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसईच्या उरलेल्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केल्या. आधी ठरलेली तारीख ३० जून २०२० होती, कोविडमुळे ती पुढे ढकलली. त्यामुळे आज कोणी एमसीएसईची फी मागितली तर एवढंच विचारायचं, ''सर, शेवटी कुठल्या नंबरची परीक्षा द्यायची?'' एझेड-१०४ किंवा एझेड-८०० असं मायक्रोसॉफ्टच्या नव्या परीक्षेचं काही उत्तर आलं तर पुढे बोला. ''ते नंतर बघू, आमचं सर्टिफिकेट मिळेलच'' असं आलं, तर हातात येणार तो कागद क्लासचा. शिकवणं चांगलं असूही शकतं, पण मग फीसुद्धा क्लासच्या कागदाइतकीच असावी.

नंबर मिळाला की त्या कंपनीच्या साइटवर बंद होणाऱ्या परीक्षांची यादी उघडून तारीख वहीत लिहा. एका पेपरचं सर्टिफिकेट असेल तर काम इथेच संपलं. दोन-तीन पेपरांचं असेल तर मात्र नीट बसून हिशोब करावा लागतो, कारण खरं नुकसान अर्ध्यावर अडकलेल्यांचं होतं. सिस्को कंपनीने २४ फेब्रुवारी २०२० ला आपलं सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट बदललं तेव्हा हेच झालं. आधी आयसीएनडी-१ आणि आयसीएनडी-२ असे दोन पेपर देता यायचे. ज्यांचा पहिला झाला होता आणि दुसरा त्या तारखेपर्यंत झाला नाही, त्यांच्याकडे फक्त सीसीईएनटी हे खालच्या पायरीचं सर्टिफिकेट उरलं. सीसीएनएसाठी २००-३०१ हा अख्खा नवा पेपर देणं आलं. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या कॉम्प्युटर सपोर्टच्या सर्टिफिकेटचंही तसंच. नवे पेपर (२२०-१२०१ आणि १२०२) मार्च २०२५ मध्ये आले, जुने २५ सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू राहिले, पण जुन्यातला एक आणि नव्यातला एक अशी खिचडी चालत नाही.

माझा नियम असा: जुन्या ट्रॅकचा शेवटचा एकच पेपर उरला असेल आणि शेवटच्या तारखेआधी एकदा नापास होऊन पुन्हा बसण्याइतकी जागा असेल, तरच जुनं पूर्ण करा. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत पहिल्यांदा आपटलात तर २४ तासांनी पुन्हा बसता येतं, त्यानंतर मात्र दर वेळी १४ दिवस थांबावं लागतं. हे दिवस धरूनच मोजा. बाकी सगळ्यांनी सरळ नवा नंबर घ्यावा.

नवा नंबर घेतला म्हणजे जुना अभ्यास सुटला, असं मात्र नाही. मुलाखतीत पोरं पडतात ती इथेच. एझेड-१०४ मध्ये अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीन, स्टोरेज, नेटवर्क, कोणाला कुठले अधिकार द्यायचे हे सगळं येतं. पण एखाद्या कारखान्यात किंवा सहकारी बँकेत सपोर्टला लागलात तर डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, बहुतेक वेळा त्याच इमारतीतल्या रॅकमध्ये असतो. तिथे विचारतात, ''पासवर्ड बरोबर आहे, तरी डोमेन लॉगिन होत नाही. काय बघाल?'' मशीनचं घड्याळ डोमेन कंट्रोलरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे असेल तर कर्बेरॉस ही ओळख तपासणारी यंत्रणा लॉगिनचं तिकीट देत नाही. किंवा कोणीतरी नेट चालावं म्हणून डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी सेवा) गूगलचं ८.८.८.८ टाकून ठेवलेलं असतं, मग मशीनला डोमेन सापडणार कुठून? अशी उत्तरं मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ७०-७४१ आणि ७०-७४२ या परीक्षांच्या पुस्तकांच्या अभ्यासातून येतात. परीक्षा बंद झाल्या, पुस्तकं नाहीत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी मिळाली तर घासाघीस करून घ्या. हा विषय आजच्या सर्टिफिकेटसकट हवा असेल तर एझेड-८०० आणि ८०१ ही जोडी बघा. ऍक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या युजर आणि मशीनची नोंद), ग्रुप पॉलिसी (त्यांना लावायचे नियम), हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणं) तिथे आहे.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: रेड हॅट कंपनीच्या आरएचसीई या सर्टिफिकेटची जुनी ईएक्स-३०० सर्व्हिसेस उभ्या करण्याची परीक्षा होती, आताची ईएक्स-२९४ अन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनाची आहे. जुन्या नोट्स कोणी दिल्या तर आधी नंबर बघून घ्या.

लॅबसाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन कॉपी १८० दिवस फुकट चालते. दोन मशीन उभी करा, एक डोमेन कंट्रोलर, एक क्लायंट, आणि वरचे दोन्ही बिघाड मुद्दाम करून बघा. नेटवर्कच्या सरावासाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसरही फुकट मिळतो. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, कोणी पाठवले तर डिलीट करा. पाठांतराने पास झालेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला ओळखू येतो.

आता नाव. हे किरकोळ वाटतं आणि परीक्षेच्या दिवशी दारातून परत यावं लागतं. या परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर मुलींची कागदपत्रं आणखी निराळी. केंद्रावर दाखवणार ते ओळखपत्र समोर ठेवून, त्यात जसं आहे तसंच फर्स्ट नेम आणि लास्ट नेम भरा. कुठली ओळखपत्रं चालतात ती यादीही बुकिंगच्या वेळीच वाचा. घरून परीक्षा देणार असाल तर दाराला आतून कडी घाला आणि घरच्यांना सांगून ठेवा. चहा द्यायला आलेली आई कॅमेऱ्यात दिसली तरी परीक्षा थांबू शकते.

पास झालात की त्याच दिवशी नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका. सीसीएनए तीन वर्षं टिकतं. मायक्रोसॉफ्टचं असोसिएट पातळीचं सर्टिफिकेट एकच वर्ष, पण संपण्याआधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, पुस्तकं उघडी ठेवून, फुकट वाढवून मिळतं. तारीख हुकली तर अख्खी परीक्षा पुन्हा, आणि फीसुद्धा.