मे महिन्यातले कजा रोजे : या चुका टाळा

2018 साली मेच्या मध्यावर सुरू झालेला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत येत 2025 मध्ये 2 मार्चला सुरू झाला, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातल्या रोज्यांची आपली सवय आता मोडली आहे. तरीही आजारपण, प्रवास, पाळी किंवा बाळंतपणामुळे सुटलेले आणि नंतर भरून काढायचे कजा रोजे पुष्कळ घरांत मुलांच्या सुट्टीत, म्हणजे नेमके एप्रिल-मेमध्ये ठेवले जातात. मेअखेरीस ठाण्यात सहरीची, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाची, वेळ पहाटे पावणेपाचच्या आत संपते आणि सूर्यास्त सातनंतर होतो. रोजा साधारण साडेचौदा तासांचा, डिसेंबरपेक्षा सुमारे दोन तासांनी मोठा असतो. त्याहून मोठा जाच दमटपणाचा. मुंब्रा-कळव्याच्या खाडीकाठी घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहते.

सर्वांत महागात पडणारी चूक फ्रिजवर चिकटलेली असते. मशिदीतून मिळालेले रमजानचे वेळापत्रक तिथेच राहते आणि मे महिन्यातही नजर त्याच्याकडेच जाते. मार्चच्या वेळेप्रमाणे सहरी केली, तर सुबह सादिक, म्हणजे रोजा सुरू होण्याची पहाट, होऊन पाऊण तासाहून अधिक काळ लोटलेला असतो, आणि इफ्तार केला तर सूर्यास्ताला वीस-पंचवीस मिनिटे बाकी असतात. दोन्ही प्रकारे रोजा होत नाही. त्या दिवसाच्या आणि त्याच गावाच्या वेळा पाहाव्यात. सुट्टीत सोलापूरला गेलेल्यांना तर हे विशेष सांगायला हवे, कारण तिथला सूर्य ठाण्याच्या तेरा-चौदा मिनिटे आधी मावळतो.

दुसरी चूक नियत, म्हणजे रोज्याचा संकल्प, करण्यातली. हनफी या धर्मशास्त्रीय पंथाच्या मतानुसार रमजानच्या रोज्याची नियत दुपारच्या आधीपर्यंत करता येते, म्हणून सकाळी उठून ‘आज रोजा ठेवूनच टाकू’ असे ठरवणारे बरेच असतात. कजा रोज्याला ही सवलत नाही. त्याची नियत सुबह सादिकच्या आत व्हायला हवी. कोकणातून येऊन मुंब्रा, पनवेल भागात स्थायिक झालेली बहुसंख्य घरे शाफई या दुसऱ्या पंथाची आहेत आणि त्यांच्याकडे रमजानच्या रोज्याचीही नियत रात्रीच करतात.

रमजानात अख्खी इमारत जागी असते. मेमध्ये उठवायला कोणी नसते. म्हणून रात्री बारा वाजता बिर्याणी खाऊन झोपायचे आणि सहरी बुडवायची, हा सोपा वाटणारा मार्ग प्रत्यक्षात उपाशी राहण्याचा काळ एकोणीस तासांवर नेतो. सहरी उशिरात उशिरा करणे हीच सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे. भाकरी, दही, अंडे, वरण पुरेसे होते; लोणचे, पापड आणि आदल्या रात्रीचे मसालेदार सालन तहान वाढवते. पाण्याच्या बाबतीत शेवटच्या दहा मिनिटांत दीड लिटर घशाखाली ओतण्याची धांदल व्यर्थ जाते, कारण त्यातले बरेचसे तासा-दोन तासांत लघवीवाटे निघून जाते. इफ्तारच्या वेळीच लिटरभराची बाटली दस्तरख्वानावर भरून ठेवावी, झोपेपर्यंत ती घोट-घोट संपवावी आणि सहरीला दोन-तीन ग्लास प्यावेत. दिवसाला पाच-सहा कप चहा पिणाऱ्यांचे डोके दुपारी दुखते ते बहुधा चहा तुटल्यामुळे. आधीच्या आठवड्यात कप कमी करत आणावेत.

इफ्तारला खजूर आणि साधे पाणी आधी. भजी आणि बर्फाचे गोड सरबत यांची हौस नंतर, थोडी.

तुर्भे-तळोज्याच्या कारखान्यांत किंवा वाशीच्या बाजार समितीत अंगमेहनत करणाऱ्यांनी एक गैरसमज काढून टाकावा. तोडलेल्या रोज्याचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, म्हणून सलग साठ रोजे ठेवावे लागतील या धास्तीने चक्कर येत असतानाही माणसे रेटत राहतात. कफ्फाऱ्याचा प्रश्न रमजान महिन्यातला रोजा विनाकारण तोडल्यास येतो. कजा रोजा तब्येतीमुळे सोडावा लागला, तर त्याच्या बदल्यात एकच रोजा देणे राहते. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर उष्माघात समजून 108 ला फोन करावा, सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात आणि साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेल्यास रोजा सोडावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही.

मुळात घाई कशासाठी, हेही विचारायला हवे. कजा रोजे सलग ठेवणे बंधनकारक नाही आणि पुढच्या रमजानपर्यंत मुदत असते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा आपले राहिलेले रोजे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात पूर्ण करत असत, असे हदीसमध्ये आले आहे. ज्यांची तब्येत किंवा काम उन्हाशी जुळत नाही, त्यांनी मोजणी डायरीत लिहून ठेवावी आणि सव्वाबारा तासांचे डिसेंबरचे दिवस निवडावेत.